पतंगांची नावं येत नसताना निसर्ग मंडळाच्या नोंदींत माझा काय उपयोग?

तुमचा प्रश्न असा की जवळचं निसर्ग मंडळ बागेतल्या पतंगांच्या नोंदी मागतंय, पण तुम्हाला एकाही पतंगाचं नाव येत नाही, तर जावं का? जा की! पतंगांच्या आजवर माहीत असलेल्या जातीच सुमारे १,६०,००० आहेत. मंडळातल्या सगळ्यात जाणत्या माणसालाही दर दोन पतंगांमागे डोकं खाजवावं लागतं. ‘हा मला ओळखता येत नाही’ असं मोकळेपणानं म्हणणारा कुणी तिथे भेटला, तर मंडळ चांगलं आहे असं समजा.

माझी चूक सांगतो. पहिलं वर्षभर मी फक्त देखणे पतंग टिपले. नखाएवढे, मातकट, सगळे सारखेच दिसणारे सोडून दिले. ज्या रात्री दिव्याशेजारी टांगलेल्या चादरीवर काहीच आलं नाही, त्या रात्री वहीच उघडली नाही. वर्षाअखेरीस मंडळात कुणी तरी विचारलं, ‘यंदा पतंग कमी आले का?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत एखादी तारीख नाही म्हणजे पतंग आले नाहीत, की मीच दिवा लावला नाही?

तेव्हापासून ठरलेल्या दिवशी तोच दिवा, तीच पांढरी चादर आणि तेवढाच वेळ. तारीख, सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ, दिव्याचा प्रकार, वारा, पाऊस, चंद्र हे आधी लिहून काढतो, पतंग त्यानंतर. उबदार, ढगाळ, वारा पडलेल्या अंधाऱ्या रात्री चादर भरून जाते, पौर्णिमेला बहुतेक शुकशुकाट. तो शुकशुकाटही ‘शून्य’ म्हणून लिहायचा.

फोटो बरोबर वरून काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि एक बाजूनेही घ्या. काही पतंगांची खूण मागच्या पंखांवर असते आणि बसल्यावर ते झाकलेले असतात. तरी बोटांनी पंख उघडायला जाऊ नका, खवले निघून हाताला लागतात. काही जाती तर जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत. अशा वेळी कुळाच्या नावावर थांबलेलं बरं. अ‍ॅपनं ठणकावून जातीचं नाव सांगितलं तरीही.

दिव्याबद्दल थोडं. पतंगांना उजेडाचं वेड असतं, हे आपण कवितेतून शिकलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं, तेव्हा दिसलं की उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री उजेड वरून, आकाशातून येतो तोवर हे ठीक; दिवा बाजूला किंवा खाली आला की ते कलंडतात आणि तिथेच घिरट्या घालत राहतात. म्हणजे आपण त्यांना अडकवतो. म्हणून रात्रभर दिवा ठेवू नका, आणि उजाडायच्या आत चादरीवरचे पतंग हळूच झुडपात सोडा. पक्ष्यांना ही आयती पंगत दोन दिवसांत कळते.

त्याच प्रयोगात कण्हेरीवरचा हॉक मॉथ नावाचा पतंग मात्र दिव्याची पर्वा न करता वरून निघून गेला. माझ्या चादरीवरही तो अजून बसलेला नाही, आणि तरी माझ्या यादीत आहे, कारण त्याची अळी तगरीवर सापडली. बोटाएवढी हिरवीगार, शेपटाकडे आखूड शिंग. देठाला हात लागला तशी तिनं मान आत घेतली आणि पुढचा भाग फुगवला. त्यावर दोन निळे डोळे! खोटेच, पण मी हात मागे घेतला. कोषात जायच्या आधी ती तपकिरी होऊन जमिनीवर उतरते, तेव्हा पुष्कळांना ती दुसरीच अळी वाटते. तुमच्याकडे तगर किंवा कण्हेर असेल तर सकाळी आधी झाडाखाली बघा. मिऱ्यांसारख्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, की मान वर करून वरची पानं तपासायची.