बालवाडीचा रस्ता संपतच नाही

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची. सोसायटीपासून बालवाडी सात-आठ मिनिटांवर, पण पाऊस सुरू झाल्यापासून ही दर दोन पावलांना उकिडवी बसते. कधी मुंग्या, कधी डबक्यातले रंग. रोज उशीर, रोज ओरडा. ती एवढं काय बघते ते मलाही बघायचंय, पण काही दिसत नाही.
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : उभं राहून दिसणार नाही. या वयात मुलांचे डोळे जमिनीपासून साधारण ९० सेंटीमीटरवर असतात, बसल्यावर आणखी खाली. तुम्हीही बसा.

सकाळी मात्र नाही. जाताना चालायचं, येताना थांबायचं, असं तिच्याशी ठरवा आणि येतानाचा शब्द पाळा. एकदा जरी घाईने ओढत आणलंत, तर दुसऱ्या सकाळी ती बसणारच. परतीला अर्धा तास मोकळा ठेवा. तेवढ्यात शंभर मीटर झाले तरी पुष्कळ.

ती थांबली की मनात वीस आकडे मोजा, तोवर बोलू नका. ‘हे काय? रंग कुठला?’ म्हटलं की बघणं थांबतं, तोंडी परीक्षा सुरू होते. घरोघरी बिघडतं ते इथंच. मोबाइल काढलात तर मूल मुंगी सोडून स्क्रीनकडे बघतं. नाव तिनं विचारलं तरच सांगा.

कंपाउंडच्या भिंतीवरून काळ्या मुंग्यांची रांग चालली असेल तर त्या वाटेवर बोट एकदाच आडवं घासा. रांग तिथंच अडखळते. मुंग्या मिशा हलवत इकडेतिकडे वळतात, काही माघारी फिरतात. त्या वासाच्या मागावर चालतात आणि तो तुम्ही पुसलात. थोड्या वेळानं एखादी पलीकडे पोचते, मग दुसरी, आणि रांग पुन्हा सांधते. लाल मुंग्यांवर हे नको, चावतात.

डबक्यातले रंग म्हणजे गाड्यांतून गळलेल्या तेलाचा अतिपातळ थर. डोकं हळूहळू खाली न्या, रंग सरकतात. हात घालू देऊ नका.

भिंग घेणार असाल तर तिप्पट मोठं दाखवणारं, तळहाताएवढं घ्या. दहापटीचं डोळ्याला चिकटवून वस्तू अडीच सेंटीमीटरवर आणावी लागते. लहानांना ते जमत नाही. सुरुवात भिंतीवरच्या शेवाळापासून करा. त्यातून केसाएवढे दांडे वर आलेले असतात, टोकाला इवलीशी बोंडं.

प्रश्न : नातवाला मे महिन्यात खाडीवर फ्लेमिंगो दाखवायला नेलं. तो सगळा वेळ चिखलातल्या निवट्याच, म्हणजे चिखलावर सरपटणारे ते छोटे मासे, बघत बसला. खेप फुकट गेली.
– एक आजोबा, नेरूळ

उत्तर : आजोबा, फुकट कशी? फ्लेमिंगो लांब असतात, दुर्बिणीशिवाय नुसती गुलाबी रेघ. निवटी चार हातांवर असते. पुढच्या खेपेला ओहोटीची वेळ बघून जा. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ चालणार नाही. काठावर बसलात की दहा मिनिटं हलू नका. पावलांच्या धक्क्यानं त्या बिळात जातात आणि लोकांना वाटतं, इथं काही नाहीच. बाहेर आल्या की डोळ्यांकडे लक्ष ठेवा. ते डोक्यावर टपोरे उभे असतात, आणि ओले करायचे झाले की निवटी ते एका झटक्यात खाली ओढून घेते. हे बहुधा नातवानंच आधी पाहिलं असेल, त्याला विचारा.