आतडं काढलं, भीती राहिली

"मॅडम, ऑपरेशन झालं, पोटावरची बॅगही गेली. सगळे म्हणतात, सुटलास एकदाचा. पण आता खायचं काय?" जे-पाउचचं ऑपरेशन झालेल्यांकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी वारंवार ऐकते. त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न मला आता आधी ऐकू येतो: खाल्लं आणि भलत्या ठिकाणी लागली तर?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार, औषधांना दाद देईनासा झाला, की मोठं आतडं आणि गुदाशय काढून टाकावा लागतो. मग छोट्या आतड्याचं शेवटचं टोक दुमडून 'जे' आकाराची पिशवी, म्हणजे जे-पाउच, शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. जपानी सर्जन उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये ही रचना मांडली. ऑपरेशन दोन-तीन टप्प्यांत होतं; मधल्या काळात शौच पोटावर लावलेल्या बॅगेत जमा होतो. सुरुवातीला शौचाच्या फेऱ्या फार होतात, पण वर्षभरात बहुतेकांच्या चार ते आठवर येतात. रात्री एखादी धरून. हे आयुष्यभराचं गणित आहे, आजारपण नव्हे.

सुधीर (नाव बदललं आहे) हायस्कूलमध्ये गणितच शिकवायचे. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत उपाशी, चहाचा घोटही नाही. रात्री साडेनऊला मात्र दही-भातावर तुटून पडायचे. वजन उतरलेलं, पिंढऱ्यांत गोळे यायचे. लग्नकार्य बंद. स्कूटरच्या डिकीत एक जादा पँट कायम.

"उपाशी राहिलात की कमी वेळा जावं लागतं?" मी विचारलं.

"तेवढंच. उलट नुसतं पाणी आणि गॅस."

"आणि रात्री तीन-चारदा उठतो," बायको म्हणाली.

उपाशी आतडंही पाझरत राहतंच, आणि रिकाम्या पोटी गॅस वाढतो. म्हणजे उपवासाचं फळ काहीच नव्हतं. हिशेबी माणूस, त्यांना हे पटलं. तरी डबा उघडेना.

माझी बैठक अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीची. भावनेला गोंजारत बसण्यापेक्षा तिच्यामागच्या विचाराकडे पुरावा मागावा, असं मी मानते. म्हणून एके दिवशी सरळ विचारलं, "सर, कळ आल्यावर तुम्हाला किती वेळ थांबता येतं?"

"थांबता येतच नाही."

"हे कधीचं सांगताय? आत्ताचं की कोलायटिसचं?"

ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "आत्ताचं माहीत नाही. ऑपरेशननंतर मी कधी थांबून पाहिलंच नाही."

"म्हणजे ज्या आतड्यानं तुम्हाला थांबू दिलं नाही, ते काढून टाकलंय. तुम्ही वागताय ते अजून त्याच्याच धाकात."

त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला. न सुटणाऱ्या उदाहरणात आपण चिन्हच चुकीचं घेतलं होतं, हे कळल्यावर होतो तसा. कोलायटिसची कळ म्हणजे सुजलेल्या आतड्याचा हुकूम. दोन मिनिटंही मुभा नाही. पाउच निरोगी असेल तर बहुतेकांना भरल्याची जाणीव होते आणि थोडा वेळ निभावता येतं. हा फरक सर्जननं त्यांना सांगितलाही होता, पण सांगितलेलं आणि अंगानं अनुभवलेलं यात अंतर असतं. तो प्रश्न त्या वेळी मला सुचला याचं समाधान आजही आहे. सर्जनची संमती घेऊन सुट्टीच्या दिवशी घरीच पाच मिनिटं थांबायचं ठरलं. मग दहा. पुढे शाळेचा पस्तीस मिनिटांचा अख्खा तास निघाला, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

खाण्याचं बोलणं यानंतरच कामाचं ठरलं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, नीट चावून. मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाणा यांनी बऱ्याच जणांचा शौच घट्ट होतो. मक्याचं कणीस, कच्चा कोबी, अख्खे शेंगदाणे सुरुवातीला नकोत. कूट चालतं का, ते पुढे पाहावं. ठेचा खाल्ला तर तो बाहेर पडतानाही जळतो, हे सुधीर स्वतःच हसत सांगतात. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही घरी आणि चमचाभर. एकदा बाधला म्हणून कायमचा वर्ज्य करू नका, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आत झालं तर झोप बरी लागते.

पाणी आणि मीठ शोषून घेणारं मोठं आतडं आता नाही. त्यामुळे नुसतं पाणी ढोसून भागत नाही; मीठ घातलेली पेज, ताक, ओआरएस हवं. सुधीरच्या पिंढऱ्यांतले गोळे बहुधा पाणी-मीठ कमी पडल्याचेच होते, कारण पेज सुरू झाल्यावर ते थांबले. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. जुलाब आवरणारं लोपेरामाइड, इसबगोलही त्यांना विचारूनच.

गुदद्वाराभोवतीच्या कातडीकडे माणसं फार उशिरा बघतात. तिथली आग इतकी असते की त्या धास्तीनंही लोक जेवण टाळतात. कागदानं घासू नका. कोमट पाण्यानं धुवा, मऊ पंचानं टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. सुवासिक वाइप्स नकोत.

फेऱ्या अचानक वाढल्या, ताप आला, रक्त दिसलं तर पाउचला सूज असू शकते. ती पुष्कळांना कधी ना कधी येते आणि बहुतेकदा अँटिबायोटिकनं उतरते. पोट फुगून उलट्या होताहेत, शौचही नाही आणि गॅसही सरत नाही, असं झालं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. हे दोन्ही समुपदेशकाकडे आणायचे विषय नव्हेत. बी-१२ आणि लोहाची तपासणी किती दिवसांनी करायची, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घरच्यांसाठी एकच सांगणं आहे: "आज कितीदा गेलास?" हे विचारणं थांबवा. सुधीरच्या बायकोला हे सर्वांत जड गेलं. त्या आता "डबा संपला का?" विचारतात. सुधीर अजूनही दिवसातून सहा-सात वेळा जातात. डिकीतली पँटही तशीच आहे, आणि ती काढा असं मी त्यांना सांगितलेलं नाही.