मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती आणि पोचायला किती तास लागतात?

अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान मुंबईहून जाताना पंधरा-सोळा तास घेतं, येताना चौदा-साडेचौदा, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि येताना ते पाठीशी असतात. पण या आकड्यावर जाऊ नका, या आकड्यानेच आमच्या घरात भांडण लावलंय.

२०१८च्या जानेवारीत आमचे अण्णा वारले. दादाचा कराडहून फोन आला तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ, माझ्याकडे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे अकरा. थेट विमान रात्री नऊचं, त्या दिवशीचं निघून गेलेलं, म्हणजे पुढचं बावीस तासांनी. म्हणून सकाळी अकराचं दुबईमार्गे तिकीट काढलं. न्यूयॉर्क-दुबई अकरा हजार किलोमीटर, दुबई-मुंबई एकोणीसशे, म्हणजे थेटपेक्षा जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. बर्फ पडत होता, पंखांवरचा बर्फ काढून विमान सुटेपर्यंत दोन वाजले, पुढे साडेबारा तासांनी दुबईत उतरलो तर मुंबईचं विमान गेलेलं, पाच तास तिथे खुर्चीत बसून काढले, आणि त्याच वेळात इकडे दादाने अग्नी दिला.

मुंबईत रात्री नऊला उतरलो, इमिग्रेशन, बॅग, गाडी, खंबाटकी घाट, कराडला पोचलो तेव्हा पहाटेचे साडेचार. सातला सगळ्यांबरोबर राख सावडायला गेलो. राख आतून अजून कोमट होती. तिथेच चारचौघांत दादा म्हणाला, "सोळा तासांचा तर प्रवास, पैसे वाचवायला फिरून आलास."

दादा, हिशोब कर. थेट विमानाची वाट बघितली असती तर ते रात्री नऊला सुटून तुमच्या रात्री दहाला मुंबईत उतरलं असतं. मी नऊला उतरलो. एवढा उशीर होऊनही तासभर आधीच आलो. आणि तिकीट थेटपेक्षा महाग पडलं होतं, आयत्या वेळचं होतं ते.

तर प्रश्न विचारणाऱ्यांना सांगतो, विमानाचे तास आणि प्रवासाचे तास वेगळे. तीन तास आधी विमानतळ, उतरल्यावर तास-दीड तास, वर गावापर्यंतचा रस्ता. माझ्या बाबतीत फोनपासून उंबरठ्यापर्यंत त्रेचाळीस तास झाले. घाईचं काम असेल तर थेट की थांब्याचं हे नंतर बघा, आधी सगळ्यात लवकर उतरणारं विमान कुठलं ते बघा, आणि थांब्याचं घेणार असाल तर मध्ये निदान तीन-चार तास ठेवा, थंडीत तर नक्कीच. माझ्या तिकिटात दोनच होते, ती चूक माझी, ती मी दादालाही कबूल केलीय.

वरचे तास तेव्हाचे आहेत हां. एप्रिल २०२५पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, वळसा पडतो, त्यामुळे तिकीट काढताना त्या दिवसाची वेळ बघूनच काढा.