हळदीची पट्टी आणि लोकरीचे अस्वल

पत्र (संक्षिप्त): माझी मुलगी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीला 68 टक्के होते, दुसऱ्या वर्षाला 61 मिळाले. तिच्या हातात क्रोशाची कला उपजतच आहे; लहान असताना वीज गेली तरी अंधारात विणत बसायची. आठ महिन्यांपूर्वी मी सोनेतारण कर्ज काढून 1 लाख 20 हजार रुपये उभे केले, त्यातून लोकर आणि कॅमेरा घेतला, ऑनलाइन विक्रीचा 18 हजारांचा कोर्स लावला आणि तिने विणलेली अस्वले एका मोठ्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवली. दलाल नाही, दुकानभाडे नाही, घरबसल्या सगळा देश गिऱ्हाईक. रोज एक नग असे लक्ष्य मी ठरवून दिले आहे, पण हल्ली तिला विणायला बसवावे लागते. मनगट दुखते असे निमित्त सांगते आणि वहीत रकाने आखत बसते. नमुन्यादाखल एका पानाचे छायाचित्र जोडले आहे. शेवटचे वर्ष बाहेरून करून तिने पूर्ण वेळ यातच उतरावे असे मला वाटते. कोणते संकेतस्थळ फायद्याचे, आणि परदेशी विक्री कशी सुरू करावी? मी स्वतः पतसंस्थेत नोकरीला आहे, दीड एकर हळदही आहे.
— एक वडील, वाळवा तालुका

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, पण आधी आपल्याच पत्रातले एक वाक्य आपल्यासमोर ठेवते. जी मुलगी अंधारात विणत बसायची तिला आता विणायला बसवावे लागते, असे आपण लिहिले आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत संकेतस्थळांची चौकशी केली आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत पालक मुलांच्या छंदाला विरोध करत असतात. आपण त्याला पाठिंबा दिलात, पदरचे सोने गहाण टाकलेत, म्हणून आपल्या हातून दडपण आले असेल अशी शंकाही आपल्याला आलेली नाही. परंतु रोज एक नग हे लक्ष्य मुलीने मागितले नव्हते. कर्जही तिने मागितल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. तिच्या वहीप्रमाणे एका अस्वलाला नऊ तास लागतात. म्हणजे महाविद्यालय, अभ्यास आणि घरकाम सांभाळून तिने रोज नऊ तास सुई चालवावी अशी आपली अपेक्षा आहे, आणि ती पुरी होत नाही याचा दोष आपण तिच्या कंटाळ्याला देत आहात. पतसंस्थेत एखाद्या कारकुनाला असे काम नेमून दिले असते तर दुसऱ्याच दिवशी त्याने रजेचा अर्ज टाकला असता. मुलीला तसा अर्ज टाकता येत नाही, कारण लोकरीच्या प्रत्येक गुंड्यामागे आईच्या दागिन्यांवर काढलेले कर्ज आहे हे तिला ठाऊक आहे. (दागिने आईचेच असावेत, हा माझा अंदाज, आपण लिहिलेले नाही.)

ज्या पानाला आपण वेळ घालवण्याचा पुरावा समजून जोडले आहे, ते मी तीनदा वाचले. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत विकल्या गेलेल्या 11 अस्वलांचा तो हिशोब आहे. विक्रीची किंमत 699 रुपये. त्यातून कमिशन, ठरावीक शुल्क, पाठवणी आणि या सर्वांवरचा जीएसटी मिळून संकेतस्थळाने कापलेले 214, लोकर, कापूस आणि डोळे यांचे 165, खोके व चिकटपट्टीचे 32. हाती राहिले 288. बहुतेक जण इथे थांबतात आणि नऊ तासांनी भागून ताशी 32 रुपये सुटले म्हणतात. आपली मुलगी थांबलेली नाही. 11 पैकी दोन अस्वले परत आली, त्यांच्या जाण्यायेण्याचा 300 रुपयांचा भुर्दंड तिच्यावर पडला, दोन्ही खोकी वाया गेली आणि एका अस्वलाचा कान इतका मळलेला होता की ते टाकून द्यावे लागले. दुसरे धड होते; ते तिने शिल्लक मालात धरले आहे, तेही 699 रुपयांना न धरता 165 ला. शेवटची बेरीज 2,063 रुपये, एकूण तास 99. ताशी 21 रुपयेसुद्धा पडत नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये मजुरी ठरलेली होती, ती आठ तासांनी भागली तरी 39 रुपये होते. कपाटात पडून असलेले न विकलेले नग आणि कर्जाचे व्याज या हिशोबात अजून आलेलेच नाहीत.

आता आपल्या त्या समजाविषयी, की दलाल नाही. आपण हळद पिकवता, तेव्हा सांगलीच्या बाजारात माल नेल्यावर मिळणारी पट्टी आपल्या परिचयाची आहे. वर सौद्याचा भाव आणि खाली वजावटींची उतरंड. संकेतस्थळाकडून येणारे हिशोबपत्र ही तशीच पट्टी आहे. फरक असलाच तर तो आपल्या विरुद्ध आहे. बाजारात एकदा सौदा झाला आणि माल उचलला गेला की तो सहसा परत येत नाही. इथे खरेदीदाराने आठवड्याने मन बदलले तरी माल आपल्या दारात येतो आणि भाडे आपल्या नावावर पडते. दुकानभाडेही आहेच. शोधल्यावर आपला नग पहिल्या पानावर दिसावा म्हणून जाहिरातीसाठी जे पैसे मोजावे लागतात, ते मोक्याच्या जागेचे भाडेच होय. राहिला प्रश्न स्पर्धेचा. आपण पत्रात एका ठिकाणी लिहिता की यंत्राचा माल हातमालापुढे टिकणार नाही. वास्तव असे आहे की खरा क्रोशा विणणारे यंत्र आजवर बाजारात आलेलेच नाही. यंत्रावर त्याची नक्कल होते, तोच टाका होत नाही. म्हणून संकेतस्थळावर 250 रुपयांना दिसणारे क्रोशाचे अस्वलही कुणीतरी हातानेच विणलेले असते. आपल्या मुलीची स्पर्धा यंत्राशी नाही, तिच्याहून कमी मजुरीत राबणाऱ्या दुसऱ्या बाईशी आहे, आणि अशा स्पर्धेत जिंकणे म्हणजे काय, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. तिथल्या बायकांना 19व्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस विणायला शिकवले आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या त्या भागातल्या घराघरांत हे काम चालते. माल परदेशी जातो, 2024 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सूत देणारा, माल गोळा करणारा आणि परदेशी पाठवणारा व्यापारी वेगळा राहिला, विणणारी घरात राहिली आणि तिच्या कामाला ‘फावल्या वेळातला उद्योग’ असे म्हटले गेल्यामुळे तासांचा हिशोब कुणी मागितला नाही. ‘घरबसल्या’ या शब्दाची मला म्हणूनच धास्ती वाटते. घरी बसून केलेल्या कामाचे तास मोजायचे नसतात असे आपण सगळेच गृहीत धरतो. आपल्या मुलीने ते मोजले, आणि आपण तिला रकाने आखत बसते म्हणून बोल लावला.

आता आपले दोन प्रश्न. संकेतस्थळ बदलल्याने वजावटींची नावे बदलतील, नऊ तासांचे आठ होणार नाहीत. त्यामुळे अमुक निवडा असे मी सांगणार नाही. कायद्याच्या दोन गोष्टी मात्र कोर्सवाल्याने सांगितल्या नसतील तर ऐकून ठेवा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला आपल्या राज्यापुरती विक्री संकेतस्थळावरून जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांकावर करता येते. संकेतस्थळावरून राज्याबाहेर विकायचे असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते आणि विवरणपत्रांचे शुक्लकाष्ठ मागे लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण ती नोंदणी असेल तरच. लोकरीचे अस्वल हे खेळणे आहे. मुलीकडे त्या नोंदणीचे कारागीर ओळखपत्र नसेल तर आपण आठ महिने जे विकत आहात ते नियमाबाहेरचे आहे.

परदेशाबद्दल थोडक्यात सांगते. एट्सी या हस्तकलेच्या अमेरिकी संकेतस्थळावर प्रत्येक नग चार महिने मांडायला 20 सेंट आणि विक्रीवर 6.5 टक्के शुल्क आहे. एप्रिल 2022 पर्यंत ते 5 टक्के होते. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात परवान्याचा क्रमांक घ्यावा लागतो, तो सहज मिळतो. अडचण दुसरीकडे आहे. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या टपालाला जी शुल्कमाफी होती, ती 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांसाठी बंद झाली. एकेक अस्वल पाकिटात घालून पाठवणाऱ्या माणसाचा सगळा आधार त्या माफीवर होता.

मग हस्तकलेच्या विक्रीत कुणालाच काही मिळत नाही काय? मिळते, आणि तेही आपल्याच मुलीच्या पानावर लिहिलेले आहे. अगदी खाली, दोनदा अधोरेखित केलेल्या ओळीत, रुखवतासाठी दिलेल्या दोन तोरणांची नोंद आहे. आईच्या भिशीतल्या ओळखीने ती मागणी आली. प्रत्येकी 2,400 रुपये, अर्धे आगाऊ, लोकर 480 ची, वेळ 16 तास, परत येण्याचा प्रश्न नाही. ताशी 120 रुपये. अस्वलांच्या जवळजवळ सहापट. रुखवताला लागणारी वस्तू वधूच्या नावाची, तिच्या साडीच्या रंगाची, ठरलेल्या तारखेची असते. तिथे 250 रुपयांच्या मालाशी तुलना करायला कुणी येत नाही. अशा कामाची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकून आसपासच्या तालुक्यांतून मागण्या घेणे हा इंटरनेटचा मला पटणारा उपयोग आहे. वर्षातून एखाद्या प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी, मैत्रिणीबरोबर अर्धा गाळा घेऊन पाहावे. महिन्याला दोन तोरणे झाली तर तिचा हातखर्च, पुस्तके आणि परीक्षेचे शुल्क निघेल. त्यापलीकडे घराचा संसार त्यावर उभा राहील अशी आशा धरू नये, आणि तोरणांनाही रोजचे लक्ष्य लावू नये, ही विनंती.

शेवटचे वर्ष बाहेरून करण्याचा विचार सोडून द्या. थोडेच महिने उरले आहेत. फॅशनच्या बाजूला जायचे असेल तर निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेचा फॅशन मॅनेजमेंटचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश परीक्षेतून खुला आहे. पण मला तिच्या वहीवरून वेगळेच वाटते. परत आलेला माल खरेदी खर्चालाच धरायचा, नासलेला नग चांगल्या नगांच्या माथी मारून खरा खर्च काढायचा, दोन प्रकारच्या कामांची ताशी तुलना करायची, हे 61 टक्के मिळवणाऱ्या मुलीने कुणी न सांगता केले आहे. याला परिव्यय लेखांकन (कॉस्ट अकाउंटिंग) म्हणतात आणि कारखाने, साखर संघ, दूध संघ यासाठी माणसे पगारावर ठेवतात. पदवी मिळाल्यावर सी.एम.ए. या त्याच विषयाच्या व्यावसायिक परीक्षेच्या इंटरमीजिएट पातळीला थेट नोंदणी करता येते, फाउंडेशनची परीक्षा द्यावी लागत नाही. अभ्यास कठीण आहे, उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण कमी असते आणि दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो. तिला तो आवडेल की नाही हे मी एका पानावरून ठरवू शकत नाही, आणि आपणही ठरवू नये. अस्वलांच्या जागी आता सी.एम.ए.चे लक्ष्य लावलेत तर माझे हे पत्र लिहिणे फुकट गेले असे मी समजेन. तिला पान दाखवून विचारा, हे आखताना तुला बरे वाटत होते का.

कर्जाचे म्हणाल तर कॅमेरा विकून टाका, न उघडलेले लोकरीचे गुंडे दुकानदार परत घेतो का पाहा, आणि सोने लवकरात लवकर सोडवा. तुमच्याच क्षेत्रातली गोष्ट आहे, व्याजाचा हिशोब मी सांगायला नको. त्या 18 हजारांच्या कोर्सचे पैसे मात्र गेले असे धरा.

राहता राहिले मनगट. पानावरच्या शेवटच्या रकान्याला मथळा नाही. त्यात काही तारखांसमोर लहान फुल्या आहेत, आणि जिथे फुली आहे तिथे दुसऱ्या दिवशी तासांचा रकाना कोरा आहे. मी सोळा फुल्या मोजल्या. ईश्वरपूरला (पूर्वीच्या इस्लामपूरला) किंवा सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे तिला या आठवड्यात घेऊन जा, आणि जाताना ते पान बरोबर असू द्या.