एक नाच, चार जणांचा

या वेळचे प्रश्न 'फ्लॅशडान्स' या १९८३च्या हॉलिवूडपटाबद्दल आहेत. दिग्दर्शन एड्रियन लाइन यांचं. कथा पिट्सबर्गमधल्या १८ वर्षांच्या अलेक्सची. ती दिवसा पोलाद कारखान्यात वेल्डिंग करते, रात्री बारमध्ये नाचते आणि नामवंत नृत्यसंस्थेत प्रवेश मिळवायची स्वप्नं बघते. भूमिका जेनिफर बील्सची.

प्रश्न : शेवटच्या चाचणीतला नाच जेनिफर बील्सचा नाही, असं ऐकलं. मग कोणाचा? आणि पाहताना ओळखायचं कसं?

उत्तर : तो नाच चौघांचा मिळून आहे. चेहरा बील्सचा. बहुतेक नृत्य मरीन जाहान या फ्रेंच नर्तिकेचं. हवेत झेपावून जमिनीवर येणारी उडी जिम्नॅस्ट शॅरन शापिरोची. आणि पाठीवरची गिरकी न्यूयॉर्कच्या 'रॉक स्टेडी क्रू' या ब्रेकडान्स करणाऱ्या चमूतल्या क्रेझी लेग्ज, म्हणजे रिचर्ड कोलोन या मुलाची. त्या गिरकीसाठी त्याला बायकी केसांचा टोप घालावा लागला आणि मिशी काढावी लागली.

ओळखायचं तर आधी आवाज बंद करा. गाण्याचा ठेका कानावर पडत राहिला की दृश्यांमधले सांधे डोळ्यांना जाणवत नाहीत. मग वेग पाव करा. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये पाहत असाल तर थांबवून 'ई' दाबा, एकेक चौकट पुढे सरकते. पाहायचं एवढंच की चेहरा आणि पावलं एकाच चौकटीत, न तोडता, किती वेळ दिसतात. जिथे पूर्ण शरीर दिसतं तिथे चेहऱ्यावर केस आलेले असतील, पाठ आपल्याकडे असेल किंवा प्रकाश मागून येत असेल. जिथे चेहरा स्पष्ट आहे तिथे चौकट छातीशी संपते. बारमध्ये खुर्चीवर बसून अंगावर पाणी ओतून घेण्याचा प्रसंग आणि घरातला व्यायामाचा प्रसंग याच रीतीने पाहा. गिरकीत केसांच्या टोपाकडे लक्ष ठेवा, डोक्याच्या हालचालीशी तो नीट जुळत नाही.

अभिनेत्रीच्या जागी नर्तकी उभी करण्यात गैर काही नाही. उड्या आणि मारामाऱ्यांसाठी हे कायम होतं. खटकतं ते वेगळंच. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जाहानचं नावच नाही. ज्या नाचावर सगळा चित्रपट उभा आहे, तो करणारी बाई कागदावर अस्तित्वातच नव्हती. आजच्या नजरेने या चित्रपटाची सर्वांत मोठी चूक कोणती, असं विचाराल तर पायातले लेगवॉर्मर्स किंवा फुगवलेले केस नव्हेत, ही.

आणि हा वाद जुना झालेला नाही. 'ब्लॅक स्वान' (२०१०) आल्यावर, नायिका नॅटली पोर्टमनच्या जागी नाचलेल्या सॅरा लेन या बॅले नर्तिकेने आपल्या कामाचं श्रेय झाकलं जात असल्याचं सांगितलं. दिग्दर्शक डॅरन अॅरोनॉफ्स्की यांनी उत्तरादाखल मोजणी दिली : नृत्याचे १३९ शॉट्स, त्यांपैकी १११ नॅटली पोर्टमनचे, २८ लेनचे. पण शॉट्स मोजले की दोन सेकंदांचा हाताचा शॉट आणि वीस सेकंदांचा पूर्ण शरीराचा शॉट सारखेच धरले जातात. मोजायचंच असेल तर सेकंद मोजा, आणि पावलं दिसणारे शॉट्स वेगळे काढा. शिवाय आता संगणकाने चेहरा बदलता येतो, त्यामुळे केसांचा टोप आणि मागून प्रकाश या खुणाही उरलेल्या नाहीत. १९८३चा सांधा निदान डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा ती पाठीवरची गिरकी घरी करून पाहतो. एक-दीड फेरीत थांबतो आणि मान दुखते म्हणतो. काय चुकतंय?

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असावं, वजन चुकीच्या जागी पडतंय. फिरायचं असतं पाठीच्या वरच्या भागावर, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये. कमरेवर बसलं की घर्षण वाढून गिरकी थांबते. डोकं टेकलं की मानेवर भार येतो. हनुवटी छातीकडे ओढलेली हवी, डोकं जमिनीपासून उचललेलं. मान दुखत असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत गिरकी बंद, आणि दुखणं हातात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर थेट डॉक्टरांकडे.

पुढे शिकायचा क्रम असा. आधी नुसतं पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे आणि हाताने जमीन ढकलून हळू फिरायचं. तोल कळला की बसून सुरुवात. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ. सरळ पाय मोठं अर्धवर्तुळ काढत फिरायच्या दिशेला फेकायचा, त्याच क्षणी हाताने जमीन ढकलायची, खांद्यावरून पाठीवर यायचं आणि मगच गुडघे आवळायचे. मुलं बहुतेक इथेच घाई करतात. पाय लांब असताना वेग मिळवायचा असतो, आवळल्यावर तो वाढतो. बर्फावर गोल फिरणारी स्केटर हात जवळ घेते तेव्हा हेच घडतं. पाय फेकायच्या आधीच गुडघे दुमडले तर वाढवायला वेगच नसतो.

जमीन गुळगुळीत आणि सपाट हवी. लिनोलियम उत्तम, गालिचा नको. अंगात नायलॉनचं जाकीट घालावं, सुती सदरा जमिनीला धरतो. आधी दहा मिनिटं मनगटं, खांदे आणि मान मोकळी करून घ्या.

त्याला याच चित्रपटातला रस्त्यावरचा प्रसंगही दाखवा. क्रेझी लेग्जबरोबर केन स्विफ्ट, फ्रॉस्टी फ्रीझ आणि मिस्टर फ्रीझ त्यात आहेत. प्रसंग छोटा आहे, पण ब्रेकडान्स जगभर पोचला त्यात त्याचा मोठा वाटा. छत्री घेऊन मागे सरकणारा तो मिस्टर फ्रीझ. चित्रपट १५ एप्रिल १९८३ला अमेरिकेत लागला. मायकल जॅक्सनचा मूनवॉक, म्हणजे तशीच मागे सरकायची चाल, टीव्हीवर दिसला तो त्यानंतर, १६ मे रोजी. रस्त्यावरच्या या प्रसंगात कोणी कोणाचा सांधा लपवलेला नाही, ज्याचं शरीर त्याचाच चेहरा. म्हणूनच हा भाग अजून ताजा वाटतो.

प्रश्न : जुन्या डीव्हीडीवर गाणी वरच्या पट्टीत आणि घाईत वाजल्यासारखी वाटतात. तबकडी खराब आहे का?

उत्तर : नाही, ती पाल या टीव्ही पद्धतीची असणार. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पाल २५ने दाखवते. म्हणजे सगळं सुमारे ४ टक्के जलद. ९५ मिनिटांचा चित्रपट ९१ मिनिटांत संपतो आणि स्वर पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण ७० टक्के वर चढतो. 'मेनिअ‍ॅक' गाण्याचा ठेका मिनिटाला सुमारे १६०, तो १६६-६७ होतो, म्हणून व्यायामाचा प्रसंग आणखी घायकुतीला आलेला दिसतो. संगणकावर वेग ०.९६ ठेवा. मात्र वेग बदलताना स्वर तसाच राखायची सोय आधी बंद करा, नाहीतर लय उतरेल आणि पट्टी वरच राहील.

प्रश्न : अशा नाचावर खरोखर प्रवेश मिळेल का?

उत्तर : अवघड आहे. बॅले संस्थांच्या चाचणीत उमेदवारांना सहसा आधी पूर्ण वर्ग करावा लागतो : आधी आडव्या दांड्याला धरून करायचे व्यायाम, मग मधल्या मोकळ्या जागेत. एकट्याचा नाच नंतर, तोही थोडा वेळ. अलेक्सने बॅलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही, आणि पायाची ठेवण दांड्याजवळच उघडी पडते.

प्रश्न : मुलीबरोबर पाहायचा विचार आहे. कोणत्या गोष्टींवर बोलावं लागेल?

उत्तर : बारमधली दृश्यं आणि काही संवाद मोठ्यांसाठीचे आहेत, अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र होतं. तेव्हा आधी एकट्याने पाहा.

बोलायचा मुख्य मुद्दा निक. तो अलेक्सच्या कारखान्याचा मालक, वयाने कितीतरी मोठा. ती नकार देते तरी तो मागे लागतो, आणि चित्रपट ते प्रेम म्हणून दाखवतो. पुढे तो तिला न विचारता ओळख लावून चाचणीची संधी मिळवून देतो. अलेक्स चिडते, आणि तिचं चिडणं रास्त आहे, पण पटकथा तिला लगेच शांत करते. मुलीला तिथे थांबवून विचारा : पगार देणाऱ्याला नाही म्हणणं किती सोपं असतं?

दुसरा मुद्दा पडद्याबाहेरचा. टोरोंटोच्या मॉरीन मार्डर या बांधकामावर काम करणाऱ्या आणि क्लबात नाचणाऱ्या बाईच्या आयुष्यावरून ही कथा सुचली असं मानलं जातं. डिसेंबर १९८२मध्ये २,३०० डॉलर घेऊन तिने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. चित्रपटाने जगभरात सुमारे २० कोटी डॉलर मिळवले. नंतर ती न्यायालयात गेली, पण २००६मध्ये अपील न्यायालयाने तोच कागद पुढे धरून तिचा दावा नाकारला. नाव गाळलेली जाहान आणि ही मार्डर, दोघींबद्दल चित्रपट सुरू करायच्या आधीच मुलीला सांगा. मग पडद्यावर पावलं दिसली की ती कोणाची, हे ती आपणहून विचारेल.