पडद्याचं ऑपरेशन आहे, कान कोरडा ठेवायला सांगितलाय. आंघोळीत थोडंसं पाणी गेलं तर खरंच काही होतं का?

होतं. आता सविस्तर.

तुम्ही लिहिलंय की पडद्याला भोक आहे, दोनेक महिन्यांत ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी 'कान कोरडा ठेवा' एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलावला आणि घरचे म्हणतात, थोडंसं पाणी गेलं तर काही होत नाही. या 'काही होत नाही'वरून मी २०१६ पासून एका माणसाशी भांडतोय. तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

माझा डावा कान शाळेत असताना फुटला. मग दर पावसाळ्यात वाहायचा आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुकायचा. आईचं लसूण घालून कढवलेलं तेल झालं, शेजारच्या काकूंचा तुळशीचा रस झाला, मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेले थेंब झाले. (यातलं काहीही करू नका. थेंब तर अजिबात नकोत. पडद्याला भोक असताना त्यातली काही औषधं आतल्या कानापर्यंत पोचून ऐकू येणंच घालवू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी कान बघून दिलेले थेंब तेवढे घाला, ते 'कोरडा ठेवा'मध्ये बसतात.) चाळिशी ओलांडल्यावर ऑफिसात डावीकडच्या टेबलावरचा माणूस काय बोलतो ते कळेनासं झालं, तेव्हा महापालिकेच्या एका रुग्णालयात गेलो. ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढला. टिंपॅनोप्लास्टी करू म्हणाले. कानाच्या वर जो जबड्याचा स्नायू असतो, त्याच्यावरचा पातळ पापुद्रा काढून त्याचं ठिगळ भोकाला लावतात. अट एकच होती, आधी निदान चार आठवडे कान पूर्ण कोरडा हवा. मी 'का' विचारलं तर तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ओल धरलेल्या भिंतीला तुम्ही रंग लावता का?" मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

तर मी कान कोरडा ठेवला, तोही जुलै-ऑगस्टमध्ये. कसा, ते नीट सांगतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे.

नुसता कापूस घालून आंघोळ करणारे लोक मला भेटतात तेव्हा हात जोडावेसे वाटतात. कोरडा कापूस म्हणजे समईची वात, पाणी शोषून आत पोचवतो. सुपारीएवढा बोळा घ्यायचा, बाहेरच्या बाजूने व्हॅसलीन असं चोपडायचं की कापूस दिसला नाही पाहिजे, आणि तो कानाच्या वाटीत बसवायचा. भोकात कोंबायचा नाही, फक्त दार बंद झालं पाहिजे. बरोबर बसला की त्या बाजूचं जग एकदम गप्प होतं, नळाचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. तेव्हा समजायचं की बसला. आंघोळ झाली की आधी केस आणि कानामागचं पाणी पुसायचं, मग बोळा काढून फेकून द्यायचा. तोच उद्या वापरायचा नाही आणि दिवसभर कानात ठेवायचाही नाही. आत दमट झालं की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात मुंबईत बुरशीला बोलावणं पाठवावं लागत नाही.

शॉवर बंद. बादली आणि तांब्या, पाणी मानेखाली. डोक्यावरून आठवड्यातून एकदाच, आणि तेही दुसऱ्याने ओतायचं. मी मोरीत वाकून बसायचो, मान उजवीकडे कलती, म्हणजे डावा कान वरच्या बाजूला नि उतारावरून सगळं पाणी उजवीकडे. बायको तांब्या धरायची. सुरुवातीला दोघांना हसू यायचं, तिसऱ्या आठवड्यात तिला वैताग आला. छत्री डाव्या खांद्यावर, कारण वाऱ्याने पाऊस आडवा येतो. लोकलमध्ये दारात उभं राहायचं नाही. अशी पाच आठवड्यांची तपश्चर्या झाली, एक थेंब वाहिला नाही. २२ सप्टेंबर तारीख मिळाली. लवकर मिळाली, कारण तो पितृपक्ष होता आणि पितृपक्षात कान कापून घ्यायला लोक तयार नसतात. मला चाललं.

आणि मधे गणपती आले.

त्या वर्षी चतुर्थी ५ सप्टेंबरची. आमचा दीड दिवसाचा, दादाकडे प्रभादेवीला. विसर्जन दादर चौपाटीवर. पाट पाण्यात न्यायचं काम बाबांनंतर दादाचं, पण त्या वर्षी त्याचा गुडघा सुजलेला. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथे मंडळांची मुलं उभीच असतात. आपण आरती करायची, पाट त्यांच्या हाती द्यायचा, ती आत जातात, मूर्ती दोनदा बुडवून वर काढतात, तिसऱ्यांदा सोडतात आणि पाटावर मूठभर ओली वाळू घालून आणून देतात. मी म्हटलं, मुलांना देऊ या. दादा म्हणाला, "घरचा माणूस धडधाकट उभा असताना बाप्पाला परक्याच्या हाती द्यायचं?" मी कानाला हात लावून दाखवला. त्यावर ते वाक्य आलं. "अरे, थोडंसं पाणी गेलं तर काही होत नाही."

वहिनी, बायको, पोरं, शेजारी सगळे बघतायत. गेलो. व्हॅसलीनचा बोळा बसवून गेलो, एवढी अक्कल होती. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिसऱ्यांदा मूर्ती खाली सोडताना वाकावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच लाट डावीकडून आली. बोळा गेला. त्यानंतर जे झालं ते भोक असलेल्यांनाच कळेल. घशात खारट चव आली. तोंडातून नाही, कानातून. मधल्या कानातून नाकाच्या मागे एक नळी उतरते, पडदा फाटका असला की पाणी त्या वाटेने घशात येतं. दुसऱ्याच क्षणी समुद्र गोल फिरला. गार पाणी भोकातून आत गेलं की तोल सांभाळणाऱ्या भागाला दणका बसतो, हेही मला नंतर कळलं. मंडळाच्या एका पोराने माझा दंड धरला म्हणून उभा राहिलो. पाट आणि वाळू त्यानेच किनाऱ्यावर आणली. म्हणजे शेवटी परक्याच्याच हाताने झालं सगळं, हे मी दादाला त्याच रात्री ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळा डाग. वासावरूनच कळलं. २२ तारीख गेली. कान परत सुकेपर्यंत नवरात्र आलं, मग दिवाळी, मग थिएटरची यादी. ऑपरेशन झालं डिसेंबरात, नोटाबंदीच्या रांगांच्या दिवसांत. तोपर्यंत मोरीतली ती वाकडी मान आणखी तीन महिने.

दादाचं म्हणणं आजही असं की समुद्राने काही झालं नाही, माझ्या कान कोरायच्या बड्सने झालं. मी बड्स वापरायचो हे खरं आहे. डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता कानात इअरफोन असायचे हेही खरं, आणि घामाने आतून चिकचिक व्हायची. डॉक्टरांनी दोन्हीबद्दल मला झापलं होतं. कान वाहत असेल तर टिश्यू पेपरची सुरळी करून बाहेर आलेलं तेवढं टिपायचं, सुरळी ओली झाली की नवी घ्यायची, काडी घालायची नाही. पण बड्स मी जूनमध्येच सोडले होते आणि इअरफोन जुलैत. पाच आठवडे कोरडा राहिलेला कान समुद्रात जाऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी वाहतो, याचा अर्थ लावायला ईएनटी व्हावं लागत नाही.

ऑपरेशननंतरचं तुम्ही विचारलंय, तर तो भाग खरं तर सोपा आहे, कारण डोक्याला पट्टी असली की कुणी 'काही होत नाही' म्हणत नाही. पट्टी बदलायला जाताना मला लोकलच्या भर गर्दीत न मागता चौथी सीट (तिघांच्या बाकावरची चौथी जागा) मिळाली, मुंबईकरांना याची किंमत कळेल. भूल लोकल होती. कापलं कानामागे, टाके आठव्या दिवशी काढले. आदल्या दिवशी डोकं स्वच्छ धुऊन जा, कारण पुढे दहा-बारा दिवस केसांना पाणी नाही. कानात स्पंजसारखं काहीतरी भरलेलं असतं, ते हळूहळू विरघळतं, म्हणून काही आठवडे दडा बसल्यासारखं वाटतं. घाबरू नका आणि बोट घालू नका. पहिले काही दिवस कापसावर लालसर, पाणचट डाग पडतो, तो चालतो. दुर्गंधी, पू, ताप, गरगरणं किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं चालत नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

टाके निघाल्यावर, परवानगी घेऊन, मी डोकं घरी नाही तर नाक्यावरच्या सलूनमध्ये धुतलं, जिथे मान मागे टाकायचं बेसिन आहे. त्या भल्या माणसाने व्हॅसलीनचा बोळा होताच, त्यावर चहाचा प्लास्टिकचा ग्लास कानावर पालथा धरून शाम्पू केला. पैसे नेहमीचेच घेतले. रबराचे किंवा सिलिकॉनचे प्लग तुम्ही विचारलेत. ऑपरेशनच्या आधी मापाचे मिळाले तर वापरा. नंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको, आतल्या ताज्या कामावर दाब येतो.

आणि पाण्याइतकंच महत्त्वाचं, जे पाण्याच्या नादात लोक विसरतात: नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. नाक दाबून शिंक अडवली तर हवा त्याच नळीने वर जाऊन ठिगळ उचलते. डिसेंबरातल्या डोंबिवलीच्या धुळीत मी महिनाभर असा 'आ' वासून शिंकत होतो की शेजारच्या बाळाने रडायला सुरुवात करावी. तीन महिन्यांनी ऑडिओग्राम काढला. भोक बंद, डावीकडच्या टेबलावरचा माणूस ऐकू येतो. तो फार काही बोलत नव्हता असं आता कळलंय.

आता दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. मी डॉक्टर नाही, विम्याच्या कचेरीत कारकून आहे. आणि हे सगळं साध्या भोकाचं आहे. हाड पोखरणारा आजार असतो, कोलेस्टिएटोमा म्हणतात, त्यात कान सुकायची वाट बघत बसत नाहीत, ऑपरेशन हाच तो सुकवायचा उपाय असतो. काही सर्जन साधं भोकही थोड्या ओल्या कानात करतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: माझा कुठल्या प्रकारातला, किती आठवडे कोरडा हवा, आणि मधेच वाहिला तर तारखेपर्यंत थांबू की लगेच येऊ? 'कोरडा ठेवा'वर उठून येऊ नका.

दुसरी गोष्ट. कान फक्त बाहेरून ओला होत नाही, सर्दी झाली की त्या नळीतून आतूनही होतो. त्या वर्षी गणपतीत दादाच्या दोन्ही पोरांची नाकं वाहत होती आणि धाकटी दीड दिवस माझ्या मांडीवर होती. मॅडमना मी समुद्राचं सगळं रामायण सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या घशात टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाल्या, "पाण्याने असेल, सर्दीनेही असेल, दोन्ही मिळूनही असेल." हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही. तरी सर्दीवाल्यांपासून लांब राहा, आणि झालीच तर अंगावर काढू नका.

तारीख नक्की कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. गणपतीनंतरची असेल तर पाट मुलांच्या हाती द्या. आम्ही गेली काही वर्षं पालिकेच्या कृत्रिम तलावात करतो. दादा सगळ्यांना सांगतो, पर्यावरणासाठी.