समुद्र शेजारी असूनही वाळवंट का?

प्रश्न : उन्हाने पाण्याची वाफ होते व वाफेचे ढग होतात, असे आपण शाळेत शिकतो. मग सौदी अरेबिया, नामिबिया आणि चिली येथील वाळवंटे समुद्राला भिडलेली असूनही तेथे पाऊस इतका कमी का पडतो?

उत्तर : पावसासाठी हवेत बाष्प असावे लागते हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही, ती हवा उंच चढून थंड झाली तरच बाष्पाचे थेंब होतात. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील धहरान येथे ८ जुलै २००३ रोजी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते तापमान, ३५ अंश सेल्सिअस नोंदला गेला. दवबिंदू जितका जास्त तितके हवेत बाष्प जास्त. इतकी दमट हवा जगात क्वचितच आढळते, तरीही त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही.

याचे मूळ विषुववृत्तापाशी आहे. तेथे तापलेली दमट हवा वर चढते आणि तिच्यातील बरेचसे बाष्प तिथल्याच मुसळधार पावसात खर्ची पडते. उरलेली कोरडी हवा उंचावरून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने सरकत साधारण २० ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात खाली उतरते. खाली येताना वाढत्या दाबामुळे ती आक्रसते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसेच हे आहे. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे ती धरू शकेल त्या बाष्पाच्या तुलनेत तिच्यात असलेले बाष्प, घटते, आणि जमिनीलगतची हवा वर चढू लागली तरी या उबदार थराखालीच अडते. सहारा, अरबस्तान, कलहारी आणि ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग याच पट्ट्यांत येतो.

नामिबियातील नामिब आणि चिलीतील अटाकामा या वाळवंटांत समुद्रच पावसाच्या आड येतो, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. बेंग्वेला व हम्बोल्ट या शीत प्रवाहांमुळे पाण्यालगतची हवा थंड व जड होऊन खालीच राहते, त्यामुळे दाट धुके पडते, पण पाऊस पडत नाही. नामिबमधील काही भुंगेरे या धुक्यात डोके खाली व पाठीचा भाग वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि अंगावर जमलेले थेंब ओघळून तोंडाशी आले की पितात. अटाकामाच्या पूर्वेला अँडीज पर्वतही असल्याने अॅमेझॉनकडील बाष्प अडते. चिलीतील अरिका येथे ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात पावसाचा एकही थेंब नोंदला गेला नाही.

कडक उन्हामुळे पाऊस पडत नाही, असा समज मात्र बराचसा उलटा आहे. आकाश निरभ्र राहते म्हणून ऊन थेट जमिनीवर येते, आणि मातीत ओल नसल्यामुळे ती उष्णता बाष्पीभवनात खर्च न होता जमीन व हवा तापवण्यातच जाते.